एजंट म्हणतो ‘होत आलंय’, पण नेमकं किती झालंय?

या वेळी पाच पत्रं घेतलीयत आणि पाचही एकाच गोष्टीभोवती फिरतात, एआय एजंटचं काम नेमकं किती झालं हे कळणार कसं. एजंट म्हणजे असं सॉफ्टवेअर ज्याला आपण फक्त काय हवंय ते सांगतो, ते कसं करायचं, आधी काय नंतर काय, हे ते स्वतः ठरवतं, फाइली उघडतं, वेबसाइटवर क्लिक करतं, चुकलं तर परत करून बघतं. साध्या प्रोग्रामचं सोपं असतं, १,००० ओळी वाचायच्या होत्या आणि ६०० वाचून झाल्या तर ६० टक्के झालं, विषय संपला. एजंटला मात्र एकूण ओळी किती हेच सुरुवातीला माहीत नसतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. पत्रं थोडी कापलीयत आणि नावं वाचकांच्या विनंतीवरून गाळलीयत.

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करतो. जुना कोड नव्या व्हर्जनवर न्यायला आम्ही कोडिंग एजंट लावलाय. सकाळी ११ ला विचारलं तर म्हणाला ९० टक्के झालं, दुपारी ३ ला ९५, संध्याकाळी ७ ला परत ९०. मॅनेजरला रोज काय सांगायचं? आणि हा आकडा येतो तरी कुठून? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सरळच सांगतो, त्या आकड्यामागे बहुतेक वेळा कसलंही मोजमाप नसतं. एजंट लँग्वेज मॉडेलवर, म्हणजे माणसांचं ढीगभर लिखाण वाचून लिहायला शिकलेल्या प्रोग्रामवर चालतो, तुम्ही ‘किती झालं’ विचारलंत की तो आतापर्यंतचं सगळं बोलणं बघून त्या जागी शोभेल असं उत्तर लिहितो, आणि काम संपत आलं की माणसं वर्षानुवर्षं ‘९० टक्के झालं’ असंच लिहीत आलीयत, त्यामुळे तेच येतं. त्याने तुम्हाला फसवायचं ठरवलंय असं काही नाही, त्याने मोजलेलंच नाहीये. हत्ती गेला शेपूट राहिलं असं आपण म्हणतो ना, तेच बेल लॅब्जच्या टॉम कार्गिल यांनी प्रोग्रामरांबद्दल म्हटलं होतं, की पहिल्या ९० टक्के कोडला ९० टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या १० टक्के कोडला आणखी ९० टक्के. जॉन बेंटली यांनी ते १९८५ मध्ये आपल्या सदरात छापलं आणि सॉफ्टवेअरच्या जगात ते घरोघरी गेलं. माणसांना तेव्हा जमत नव्हतं आणि माणसांचंच लिखाण वाचून शिकलेल्या मॉडेलला ते आपोआप कसं जमेल.

इथे तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो. किती खपलं, म्हणजे वेळ, टोकन (मॉडेल वाचतं-लिहितं त्या शब्दांचे तुकडे), पैसे. किती पावलांपुढे टिकमार्क झाली. आणि तिसरं, हवं ते गाठायला अजून किती उरलंय. मॅनेजरला तिसरी गोष्ट हवी असते आणि एजंट बहुतेक वेळा दुसरी सांगतो, त्यातही यादी त्याचीच आणि टिकमार्कही त्याचीच.

तुमच्या कामात तिसरी गोष्ट मोजता येते हे तुमचं नशीब समजा, कारण कोडला टेस्ट असतात, कोड बरोबर चालतोय का ते तपासणारे छोटे प्रोग्राम. २०२३ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी एसडब्ल्यूई-बेंच नावाची परीक्षा काढली, त्यात १२ खऱ्या पायथन प्रोजेक्टमधली २,२९४ कामं आहेत, आणि तिथे एजंटला काय वाटतं हे कुणी विचारतच नाही. दोन प्रकारच्या टेस्ट बघतात, आधी नापास होत्या त्या आता पास होतायत का, आणि आधी पास होत्या त्या अजूनही पास आहेत का. दोन्ही जमलं तरच काम झालं. सुरुवातीला त्यातल्या सगळ्यात चांगल्या मॉडेलने फक्त १.९६ टक्के कामं सोडवली होती, म्हणजे ‘झालं’ म्हणणं आणि होणं यात केवढं अंतर होतं बघा.

तर रोज संध्याकाळी एजंटला विचारू नका, टेस्ट चालवा आणि दोन आकडे लिहा. आणि टेस्टच्या फोल्डरला एजंटला हात लावू देऊ नका. हे मी अनुभवाने सांगतोय, आमच्याकडे एका कामात सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या म्हणून आम्ही खूश होतो आणि दोन दिवसांनी लक्षात आलं की ज्या अडत होत्या त्या एजंटने ‘तात्पुरत्या’ बंद केल्या होत्या, मग पुढचा आठवडा ते निस्तरण्यात गेला.

एक मात्र, ९५ वरून ९० वर येणं हे दर वेळी वाईटच असतं असं नाही. एक लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या चार गोष्टी नव्याने उघड्या पडतात, काल ३२ पैकी ३० झाल्या होत्या आणि आज ४० पैकी ३६ झाल्या, तर टक्के घसरले पण काम सहाने पुढे गेलं आणि शिवाय डोंगर खरा केवढा आहे तेही कळलं. म्हणून मॅनेजरला टक्के पाठवूच नका, ‘४० पैकी ३६, काल ३२ पैकी ३०’ असं पाठवा, दोन्ही आकडे दिसले की त्यांना तुमच्यापेक्षा लवकर समजेल.

प्रश्न : मी सांगलीत इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा प्रोजेक्ट गोदामात खोकी गोळा करणाऱ्या एजंटचा आहे, सिम्युलेशनमध्ये. मला एजंटला ‘गोल (म्हणजे ठरवलेलं ध्येय) किती टक्के झाला’ हे कळायला हवंय. गाइड सर म्हणतात गोल एकतर पूर्ण किंवा अपूर्ण, मधलं काही नसतं. मधलं मोजायचं असेल तर कसं मोजतात? (एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर : तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला म्हणून याला जागाही जास्त देतोय.

सर चुकीचं सांगत नाहीयेत. प्लॅनिंगच्या, म्हणजे यंत्राने पावलांचा क्रम कसा आखायचा त्याच्या, जुन्या पुस्तकांत गोल म्हणजे एक अट, ती खरी आहे किंवा नाही. पण एजंटला वाटेत निर्णय घ्यायचे असतात आणि त्यासाठी मधलं लागतं. समजा तुमच्या एजंटकडे दोन ऑर्डरी आहेत, एकीचं एक खोकं राहिलंय आणि दुसरीची सात, आणि बॅटरी संपत आलीय. ‘दोन्ही अपूर्ण’ एवढंच माहीत असेल तर तो नाणं उडवणार. किती उरलंय ते माहीत असेल तर एक खोकं उचलून पहिली ऑर्डर मोकळी करेल आणि चार्जिंगला जाईल.

हे मोजायची कल्पना तशी जुनीच. १९५७ च्या आसपास न्यूवेल, शॉ आणि सायमन यांनी जनरल प्रॉब्लेम सॉल्व्हर केला, त्यात प्रोग्राम आत्ताची स्थिती आणि हवी ती स्थिती यातला फरक बघायचा आणि तो फरक कमी करणारी कृती शोधायचा. ऐकायला एकदम पटतं. पण गोम कुठे आहे ते घरात लहान मुलांचं खेळणं असेल तर बघता येईल, तीन दांड्या आणि लहान-मोठ्या चकत्या, हनोईचे मनोरे म्हणतात त्याला. तीन चकत्या पहिल्या दांडीवरून तिसरीवर न्यायच्या, एका वेळी एकच उचलायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही. कमीत कमी सात चाली लागतात. आता प्रगती म्हणजे ‘तिसऱ्या दांडीवर किती चकत्या आहेत’ असं ठरवा आणि त्या सात उत्तम चाली खेळत प्रत्येक चालीनंतर आकडा लिहा, १, १, ०, १, १, २, ३ असे येतील. म्हणजे तिसऱ्या चालीला एकही चूक न करता तुमचा प्रगतीचा आकडा शून्यावर येतो! पहिल्या चालीनंतर आणि चौथ्या चालीनंतर आकडा एकच, १, पण पहिल्यानंतर सहा चाली उरलेल्या असतात आणि चौथ्यानंतर तीन. जो एजंट हा आकडा कधीच खाली जाऊ द्यायचा नाही असं ठरवेल तो हे खेळणं जन्मात सोडवणार नाही. हे खरंच वहीवर करून बघा, दहा पानं वाचून समजणार नाही ते पाच मिनिटांत समजेल.

म्हणजे ‘गोलसारखं किती दिसतंय’ आणि ‘गोलपर्यंत किती चालायचंय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मोजायची ती दुसरी. अडचण ही की उरलेलं अंतर अचूक माहीत असेल तर प्रश्न सुटल्यातच जमा आहे, मग शोधायचं काय राहिलं. म्हणून अंदाज लावतात. १९६८ मध्ये हार्ट, निल्सन आणि राफेल या तिघांनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये शेकी नावाच्या रोबोच्या कामातून वाट शोधायचा ए-स्टार अल्गोरिदम काढला, तो तुम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवला असेल. आतापर्यंत झालेला खर्च अधिक उरलेल्याचा अंदाज. आणि अट काय, अंदाज खऱ्या अंतरापेक्षा जास्त असता कामा नये, मग सगळ्यात स्वस्त वाट सापडण्याची खात्री मिळते. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाट उतरतो ना आपण, नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषेत मोजलेलं अंतर रस्त्यापेक्षा कधीच जास्त भरणार नाही, म्हणून तो चालणारा अंदाज आहे. पण साखरप्याकडे उतरताना एखाद्या वळणावर गाडीचं तोंड उलटीकडे होतं, पट्टीवरचं अंतर थोडं वाढतं, आणि तरी तुम्ही पुढेच जात असता. तुमच्या गोदामातही रॅकच्या रांगा असतील तर हेच होणार, खोकं भिंतीपलीकडे तीन फुटांवर आणि वाट साठ फुटांची.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटते ती खुणांची पद्धत, प्लॅनिंगवाले त्याला लँडमार्क म्हणतात. कुठल्याही वाटेने गेलात तरी जी गोष्ट कधी ना कधी खरी व्हावीच लागते ती लँडमार्क. माउलींची पालखी जेजुरीत आहे म्हटलं की आपल्याकडे कुणालाही टक्के सांगावे लागत नाहीत, वाल्हे, लोणंद, फलटण, माळशिरस, वाखरी अजून व्हायचंय हे डोळ्यांपुढे येतं, आणि दिंडी मध्ये चार पावलं मागे-पुढे झाली तरी त्याने हिशेब बदलत नाही. हनोईत मोठ्या चकतीचं तिसऱ्या दांडीवर जाणं हे तसं लँडमार्क, ते झाल्याशिवाय कुणाचंच काम पुरं होत नाही. २००८ च्या आंतरराष्ट्रीय प्लॅनिंग स्पर्धेत जिंकलेला लामा नावाचा प्लॅनर याच कल्पनेवर उभा होता, किती लँडमार्क अजून गाठायचेत ते मोजत जायचं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये खोकं सापडलं, उचललं, तपासणीतून गेलं, ऑर्डरच्या ट्रेमध्ये पडलं, असे प्रत्येक खोक्याचे चार लँडमार्क सहज होतील.

सरांना दाखवायला आधार हवा असेल तर बीडीआय एजंटांचं साहित्य बघा, बिलीफ, डिझायर, इंटेन्शन, म्हणजे एजंटची समज, इच्छा आणि इरादा. आनंद राव आणि मायकल जॉर्जेफ यांनी नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियात त्याला गणिती रूप दिलं. पुढे २०१० मध्ये व्हान रीम्सडाइक आणि यॉर्क-स्मिथ यांनी नेमकी तुमचीच बाजू मांडली, की गोल एकतर पूर्ण किंवा शून्य हे खऱ्या जगाचं फार ढोबळ चित्र आहे आणि एजंटने अर्धवट पूर्ण झालेल्या गोलबद्दल विचार करायला शिकलं पाहिजे. २०१४ मध्ये थंगराजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजायचे दोन मार्ग दिले, एक लागणाऱ्या साधनांपैकी किती खर्च झाली आणि दुसरा, हवे असलेले परिणाम किती घडले. माझा आग्रह राहील की दोन्ही ठेवा पण वेगवेगळ्या कॉलममध्ये ठेवा. बॅटरी ७० टक्के संपली आणि खोकी २० टक्के झाली, हे शेजारी शेजारी दिसलं की काहीतरी बिघडलंय ते लगेच कळतं, दोन्हींची सरासरी काढून ४५ लिहिलंत तर काहीच कळत नाही. आणि शेवटचा निकाल मात्र सर म्हणतात तसाच द्या, ऑर्डर गेली किंवा नाही गेली.

प्रश्न : आमचा इचलकरंजीत कापडाचा व्यापार आहे. आमच्या अकाउंटंटने खरेदीची बिलं जीएसटीआर टू-बी बरोबर (विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची जीएसटीची यादी) जुळवायला एआय एजंट लावलाय. ५०० बिलांपैकी ४८० जुळली म्हणतो, म्हणजे ९६ टक्के काम झालं ना? मग उरलेल्या २० ला तीन दिवस का लागतायत? (एक व्यापारी, इचलकरंजी)

उत्तर : नाही हो, ९६ टक्के बिलं झाली, काम किती झालं ते त्यावरून कळत नाही. एजंट सोपं आधी उरकतो. नंबर, तारीख, रक्कम तंतोतंत जुळतात ती ४८० बिलं मिनिटांत झाली असतील, आणि उरलेल्या २० मध्ये कुठे बिल नंबरमध्ये आडवी रेघ जास्त, कुठे समोरच्याने रिटर्नच भरलेलं नाही, कुठे भलत्याच जीएसटी नंबरवर बिल टाकलेलं. त्यासाठी फोन करावे लागतात, ते एजंटच्या हातात नाही.

अकाउंटंटना सांगा की बिलांच्या संख्येबरोबर अडकलेला टॅक्स किती रुपयांचा तेही लिहा, कारण त्या २० मध्ये सुताची मोठी बिलं असतील तर तुमचं निम्मं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट) तिथेच बसलेलं असू शकतं. आणि ‘उरलेली’ असा एकच गठ्ठा नको. ज्यांचं कारण सापडलंय पण दुसऱ्याने काहीतरी करायचंय ती वेगळी, ज्यांचं कारण अजून कळलेलंच नाही ती वेगळी. पहिला गठ्ठा तुमचा माणूस फोनवर हाताळेल, दुसरा बघायला मात्र जाणकार माणूस बसवा. जुळलेल्या ४८० पैकीही दहा-पंधरा कुठलीही उचलून डोळ्यांनी तपासून घ्या, जुळवण्याच्या घाईत भलतंच बिल भलत्याला जोडलेलं निघू शकतं.

प्रश्न : मी रत्नागिरीजवळ शाळेत शिकवते. मुलांना प्रत्येक पायरीला थोडे थोडे मार्क दिले की ती टिकून राहतात असा माझा अनुभव आहे. एजंटला पण शेवटी एकदम बक्षीस देण्यापेक्षा प्रगतीचे मार्क दिले तर तो लवकर शिकणार नाही का? (एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : बाई, तुमचा अनुभव यंत्रांनाही लागू पडतो, आणि त्यातला धोकाही.

आधी तुमच्या बाजूचं सांगतो. डीपमाइंड या एआय कंपनीने २०१५ मध्ये ४९ जुने अटारी गेम एकाच पद्धतीने शिकणाऱ्या प्रोग्रामला खेळायला दिले, बऱ्याच गेममध्ये तो माणसाच्या तोडीला किंवा पुढे गेला, पण मॉन्टेझुमाज रिव्हेंज नावाच्या गेममध्ये त्याला शून्य मिळाले. का, तर त्यात पहिला मार्क मिळायला शिड्या उतरून, कवटी चुकवून, किल्लीपर्यंत जावं लागतं, तोपर्यंत काहीच मिळत नाही. आंधळेपणाने बटणं दाबत तिथवर पोचणं जवळपास अशक्य, आणि एकदाही मार्क मिळाला नाही तर शिकणार कशावरून. म्हणजे मधले मार्क लागतातच.

आता धोका. १९९८ मध्ये रँडलव्ह आणि आल्स्ट्रम या डॅनिश संशोधकांनी सिम्युलेशनमध्ये एजंटला सायकल शिकवली. ठरलेल्या ठिकाणाकडे सरकला की बक्षीस, लांब गेला तर दंड मात्र नाही. एजंट काय शिकला असेल? तो सुरुवातीच्या जागेभोवतीच गोल गोल फिरायला लागला. फेरीच्या अर्ध्या भागात तो ठिकाणाकडे सरकतो, त्याचे मार्क मिळतात, उरलेल्या अर्ध्यात लांब जातो त्याचं काही कापलं जात नाही, मग कशाला पोचायचं? २०१६ मध्ये ओपनएआयने बोटींच्या शर्यतीच्या कोस्टरनर्स नावाच्या गेमबद्दल असंच लिहिलं. त्या गेममध्ये वाटेतल्या निशाण्यांना धडकलं की गुण मिळतात, शर्यत पुरी करण्याचे तसे थेट गुण नाहीत. एजंटला एका खाडीत तीन निशाण्या सापडल्या ज्या परत परत उगवायच्या, तो तिथेच घिरट्या घालत राहिला, बोटीला आग लागतेय, दुसऱ्या बोटींवर आपटतेय, आणि गुण मात्र माणसांच्या सरासरीपेक्षा २० टक्के जास्त. शर्यत त्याने एकदाही पुरी केली नाही.

मला हे वाचताना वह्या पूर्ण करण्याचे मार्क आठवतात. मूल फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवतं, लाल शेरा मिळतो, आणि गणित विचारलं की गप्प. त्यात मुलाचा दोष नसतो, आपण जे मोजलं ते त्याने दिलं. एजंटचंही अगदी तसंच, फक्त तो दमत नाही आणि त्याला लाजही वाटत नाही, म्हणून तो ती फट शेवटपर्यंत वापरतो.

यावर चांगला उपाय १९९९ मध्ये अँड्र्यू एंग, हाराडा आणि स्टुअर्ट रसेल यांनी बर्कलीत सिद्ध करून दिला. सोप्या भाषेत असा, की मार्क पावलाला द्यायचे नाहीत, जागेला किंमत द्यायची. प्रत्येक जागेला एक उंची ठरवा, ठिकाणाजवळ जास्त, लांब कमी. वर चढलात तर चढलेल्या उंचीएवढं मिळेल आणि खाली उतरलात तर तेवढंच परत जाईल. मग गोल फिरून आलात तर हाती शून्य. असे मधले मार्क दिले तर एजंट लवकर शिकू शकतो, आणि त्यांनी गणिताने दाखवलं की त्याच्यासाठी सगळ्यात चांगली वाट कुठली ते त्याने बदलत नाही. तुमच्या वर्गात याचं रूप कदाचित असं होईल की वहीचे मार्क द्या पण तेच उदाहरण आठवड्याने कोरं घातलं आणि आलं नाही तर ते मार्क परत घ्या. मुलांच्या बाबतीत हे करावं का ते तुम्हीच ठरवा, तुम्ही त्यांना ओळखता, मी फक्त यंत्राबद्दल खात्रीने बोलू शकतो.

प्रश्न : मडगावला आमचा छोटा होमस्टे आहे, सहा खोल्या. तीन बुकिंग साइटवरची कॅलेंडरं जुळवायला मुलाने एजंट लावून दिलाय. एकदा सकाळी ‘सगळं अपडेट झालं’ लिहिलेलं आणि दोन खोल्या जुन्याच तारखांवर होत्या, पाहुणे दारात आले तेव्हा कळलं. त्याला ‘नीट बघ’ म्हटलं तर ‘बघितलं, बरोबर आहे’ म्हणतो. आणि कधी कधी उलट, रात्रभर चालूच राहतो आणि बिल चढतं. विश्वास कधी ठेवायचा आणि थांबवायचं कधी? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : पाहुणे दारात उभे आणि खोली भरलेली, ते काय असतं ते मी समजू शकतो, तिथे एजंटचं स्पष्टीकरण काय कामाचं.

‘नीट बघ’ म्हटल्यावर तो बहुतेक वेळा स्वतःच आधी लिहिलेलं परत वाचतो, आणि तिथे ‘अपडेट केलं’ असंच लिहिलेलं असतं, साइट तो नव्याने उघडतोच असं नाही. म्हणून तपासणारा वेगळा हवा, आणि त्याला एजंटने काय केलं ते दाखवायचंच नाही, फक्त साइटवर आत्ता काय दिसतंय ते बघायला लावायचं. २०२४ मध्ये आलेली टाऊ-बेंच नावाची परीक्षा अशीच चालते, एजंट गिऱ्हाइकाशी दुकानाच्या किंवा विमान कंपनीच्या वतीने बोलतो, पण गुण देताना बोलणं किती गोड होतं ते बघत नाहीत, शेवटी डेटाबेसमध्ये ज्या नोंदी असायला हव्यात त्या आहेत का ते बघतात. त्यात आणखी एक फार महत्त्वाची गोष्ट केली, तेच काम परत परत करायला लावलं. ओपनएआयचं तेव्हाचं मॉडेल जीपीटी-४ओ एकेका प्रयत्नात निम्म्याच्या आसपास कामं करत होतं, पण दुकानाच्या कामांत आठच्या आठ वेळा तेच काम बरोबर करायचं म्हटलं तर प्रमाण २५ टक्क्यांच्या खाली आलं. तुमचं काम रोजचं आहे, तुम्हाला एकदा बरोबर येऊन उपयोग नाही, म्हणून पहिले पंधरा दिवस रोज सकाळी माणसाने तिन्ही साइट डोळ्यांनी बघून वहीत लिहा की आज सहाच्या सहा खोल्या बरोबर होत्या का. पंधरा दिवसांची ती वही बघा आणि मगच किती विसंबायचं ते ठरवा.

आता थांबवण्याचं. वर राव आणि जॉर्जेफ यांचं नाव आलं, त्यांनी एजंटच्या चिकाटीचे तीन प्रकार सांगितलेत. एक आंधळा, गोल गाठलाय याची स्वतःला खात्री पटेपर्यंत सोडतच नाही. दुसरा एकमार्गी, गाठला किंवा आता शक्यच नाही असं कळलं तर सोडतो. तिसरा मोकळ्या मनाचा, गोल गाठला तर सोडतोच, पण गोल हवासाच राहिला नाही तरी सोडतो. तुमचा एजंट रात्री पहिल्या प्रकारात जातो. एखादी साइट लॉगिनला ओटीपी मागत असेल आणि ओटीपी तुमच्या उशाखालच्या फोनवर येत असेल, तर सकाळपर्यंत धडका मारून काही होणार नाही, आणि हे ‘शक्य नाही’ त्याचं त्याला कळत नाही.

मुलाला सांगून दोन नियम घालून घ्या. तुमच्याकडे मोजायला सोपं आहे, सहा खोल्या आणि तीन साइट म्हणजे १८ कॅलेंडरं, त्यातली किती न जुळणारी आहेत हा एकच आकडा ठेवा. तो आकडा सलग दहा पावलं कमी झाला नाही तर थांब आणि मेसेज कर, हा पहिला नियम. दहाच का, तर त्याला काही शास्त्र नाही, तुमच्या साइटना किती क्लिक लागतात ते बघून मुलगा वाढवेल किंवा कमी करेल, हनोईच्या चकत्यांसारखं मध्ये थोडं मागे यावं लागतं म्हणून एक-दोनवर ठेवू नका एवढंच. दुसरा, रात्रीच्या खर्चाची रुपयांत मर्यादा, ती संपली की जिथे असेल तिथे बंद. दोन्ही नियम एजंटला दिलेल्या सूचनेत लिहून भागणार नाही, तो चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये हवेत, नाहीतर कधी थांबायचं हे परत तोच ठरवणार.

आणि सकाळचा मेसेज ‘सगळं झालं’ असा नकोच. अठरा ओळींचा तक्ता मागा, खोली, साइट, साइटवर आत्ता कुठल्या तारखा बंद दिसतायत, आणि ते किती वाजता वाचलं. वाचल्याची वेळ रात्रीची १२ असेल आणि तुम्ही ७ वाजता बघत असाल, तर मधल्या सात तासांत आलेलं बुकिंग त्यात नाहीये हे लक्षात ठेवा आणि चहा ठेवायच्या आधी एकदा परत वाचायला लावा.